निळ्या चिंध्यांनी बुजवलेला दरवाजा

मित्रांनो, ज्याच्या पाठीमागे ना घर आहे ना अंगण, असा मी एक जुना दरवाजा आहे. मला कडी नाही, उंबरठा नाही, आणि आयुष्यात कोणी माझ्यावर टकटक केल्याचे मला स्मरत नाही. माझ्या एका अंगास तलाव होता, दुसऱ्या अंगास नदीचे पात्र, आणि मध्ये मी. आज मी माझ्या चौकटीसकट बांधावरच्या चौकीच्या भिंतीला टेकून उभा आहे. माझ्या दोन्ही अंगांस आता केवळ गवत आहे.

माझा जन्म ओतकामाच्या भट्टीत झाला. बिडाचा तप्त रस साच्यात ओतला गेला आणि मी निवत निवत आकाराला आलो. माझ्या माथ्यावर आटे पाडलेला एक लांब दांडा बसवला आणि त्यावर एक चाक. चाक फिरवले की मी खोबणीतून वर सरकावे आणि तलावाचे पाणी नदीत जावे, अशी योजना होती. मला गाडीत चढवताना माझा वृद्ध कारागीर म्हणाला, "याला महिन्यातून एकदा तरी हलवत जा. बसून राहिला की हा रुसतो, आणि रुसला की मग कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही!" सगळे हसले. मीही मनातल्या मनात हसलो.

माझा सांभाळ करणारा मनुष्य बांधावरच्या चौकीत राहत असे. सदा माझ्या चाकाशी खटपट करणारा म्हणून गावाने त्याचे नाव चाकोबा ठेवले होते. दर महिन्याच्या आरंभी तो माझे आटे पुसून वंगण लावी, मला वीतभर उचली आणि पुन्हा खाली बसवी. तलावाच्या भिंतीवर एक तांबडी रेघ होती. पावसाळ्यापूर्वी पाणी त्या रेघेखाली आणून ठेवावे, म्हणजे अकस्मात लोंढा आला तर त्याला तलावात जागा राहील, असा नियम होता. चाकोबा तो नियम डोळ्यांत तेल घालून पाळी.

बांधाच्या खाली, नदीलगत, रंगाऱ्यांची गल्ली होती. तिथे चाकोबाची थोरली बहीण राहत असे. तिचा नवरा कापड रंगवण्यात निष्णात होता, विशेषतः निळ्या रंगात. माझे वंगण पुसायला लागणाऱ्या चिंध्या ताईच आणून देई. "घे रे, तुझ्या लाडक्याला नवे कपडे," ती म्हणायची. "याच्यामुळे माझ्या चुलीपाशी मासे टोपलीतून येतात, पोहत येत नाहीत!" मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला मिळालेली सर्वांत मोठी स्तुती तीच होती.

पुढे एका वर्षी नियमाप्रमाणे पाणी तांबड्या रेघेखाली आणले गेले, आणि पाऊस आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही तो आला नाही.

दुष्काळ गाजावाजा करीत येत नाही. तो पाहुण्यासारखा ओसरीवर टेकतो, आणि हा घरचाच होऊन बसला आहे, हे आपल्याला फार उशिरा कळते. तलाव आटत आटत मध्यभागी एक डबके उरले. तळाच्या चिखलाला भेगा पडल्या. मी कोरड्या खोबणीत लटकत होतो आणि उन्हाने माझे अंग भाजत होते. लोक रिकामे हंडे घेऊन बांधावर येत आणि चाकोबाला टोचून बोलत.

"आमच्या तोंडचं पाणी सोडून दिलंस ना? फिरव आता चाक, बघू किती येतंय!"

"अहो, पाटबंधाऱ्याच्या साहेबांचा हुकूम होता. दरवर्षीचाच नियम तो."

"मग त्या नियमानेच तहान भागव म्हणावं."

चाकोबा खाली मान घालून ऐकून घेई.

गल्लीतले हौद एकामागून एक कोरडे पडले. रंगाऱ्याला पाणी नसेल तर त्याचे हात असून नसल्यासारखे. ताईचा नवरा एका सकाळी गाठोडे पाठीवर टाकून बांधावरून निघाला. ताई त्याला पोहोचवायला माझ्यापर्यंत आली होती.

"तलाव भरला की निरोप धाड," तो म्हणाला. "जिथे असेन तिथून निघालोच समज."

"आणि नाही भरला तर?"

"मग मेव्हण्याच्या दरवाजाला विचार, पाणी कुठे घालवलंस म्हणून." तो थट्टेनेच बोलला होता. ताई हसलीही. चाकोबा मात्र हसला नाही. भाऊजी दिसेनासे झाल्यावर त्याने माझ्या चाकावर हात ठेवला आणि पुटपुटला, "आता थेंबसुद्धा जाऊ देणार नाही. ताईची शपथ."

त्यानंतरच्या वर्षी थोडा पाऊस झाला आणि तलावाचा तळ झाकला गेला. माझ्या कडांतून बारीक धार झिरपत असे. ती चाकोबाला पाहवेना. ताईने घरातल्या उरल्यासुरल्या निळ्या कापडाच्या चिंध्या फाडल्या, भावाने त्या डांबरात बुडवल्या आणि बहीणभावाने मिळून त्या माझ्या खोबणीत ठासून बसवल्या. जास्तीचे पाणी आपोआप वाहून जावे म्हणून बांधाला एक सांडवा होता. गावकऱ्यांनी त्यावरही फळ्या ठोकून वाळूची पोती रचली. महिन्याचा आरंभ आला तेव्हा चाकोबा वंगणाचे डबडे घेऊन माझ्यापाशी आला, क्षणभर उभा राहिला आणि परत फिरला. मला वीतभर उचलायचे तर तेवढे पाणी जाणार होते. पुढच्या महिन्यातही तो तसाच परत फिरला. मग येईनासाच झाला. त्याने माझी हेळसांड केली, असे मी म्हणणार नाही. पाण्यावरच्या मायेपोटी त्याने मला विसावा दिला होता. माझ्या आट्यांवर मात्र गंज चढत होता, आणि मला वाचा नव्हती.

मग ते वर्ष आले. पाऊस असा लागला की तलाव बघता बघता तांबड्या रेघेला भिडला. माणसे बांधावर येऊन पाणी डोळ्यांत साठवू लागली. ताईने नवऱ्याला निरोप धाडला: तलाव भरला, निघून या.

पाटबंधाऱ्याचे साहेब छत्री धरून आले. "पाणी रेघेच्या वर गेलंय. डोंगरात अजून पाऊस आहे. दरवाजा उघडा, आणि सांडव्यावरचं ते सगळं काढून टाका."

चाकोबा हात जोडून म्हणाला, "साहेब, त्या वर्षीही तुमचंच ऐकलं होतं."

ते खरे होते. गावकरी चाकोबाच्या पाठीशी येऊन उभे राहिले. एक म्हातारी म्हणाली, "पाण्याला नको म्हणणारा माणूस आम्ही आजच पाहिला!" हशा पिकला. साहेबांनी आवाज चढवला नाही. त्या दिवशी तो चढवायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तलावाचा रंग बदलला. डोंगरातून तांबूस, फेसाळ पाणी झाडांच्या फांद्या वाहवीत आले आणि सांडव्यावरच्या पोत्यांना धडका देऊ लागले. चाकोबा धावत आला. त्याने माझ्या चाकाला दोन्ही हात घातले आणि सर्व बळ एकवटले. मी हललो नाही. चार माणसे आली, लोखंडी पहार आली; माझे आटे गंजून एकजीव झाले होते, आणि पाण्याने फुगलेल्या चिंध्यांनी मला दोन्ही बाजूंनी घट्ट धरून ठेवले होते. "ऊठ रे! ऊठ ना रे बाबा!" चाकोबा मला विनवत होता. मित्रांनो, मला उठायचे होते.

गल्लीतली माणसे पोराबाळांसह बांधावर चढली. ताईही चढली होती. पण ती पुन्हा उतरू लागली, तेव्हा चाकोबा ओरडला, "ताई, कुठे निघालीस? वर ये!"

"आलेच रे. दाराला कुलूप घालून आलेय मी. ते एवढे लांबून येतील, आणि घराला कुलूप दिसलं तर माघारी जातील. नुसतं दार उघडून येते."

ती गल्लीच्या तोंडाशी पोहोचली आणि सांडव्याकडचा बांध फुटला.

पूर ओसरल्यावर लोकांनी पाहिले, तर ताईचा पत्ता नव्हता; तिच्या घराचे दार मात्र सताड उघडे होते.

तिचा नवरा पुढे काही दिवसांनी आला. पाठीवर गाठोडे होते आणि त्यात नव्या रंगाच्या पुड्या. त्याला वाटेत कोणी काही सांगितले नव्हते, किंवा सांगण्याचे धैर्य कोणाला झाले नव्हते. चिखलाने भरलेली गल्ली पाहून तो बांधावर आला. चाकोबा माझ्यापाशी बसून होता.

"भाऊजी..." एवढेच तो म्हणू शकला.

"निरोप मिळाला होता," भाऊजी म्हणाले. "तलाव भरला म्हणून."

 मग भाऊजींनी माझ्या खोबणीतून एक चिंधी ओढून काढली. तलावात उरलेल्या पाण्यात ती धुतली आणि दोन्ही हातांत धरून पाहिली. डांबराच्या डागांमधून निळा रंग तसाच दिसत होता.

"माझाच हात आहे," ते म्हणाले. "रंग गेला नाही." आणि त्यांनी ती चिंधी डोळ्यांवर धरली.

मित्रांनो, पुढे बांध पुन्हा बांधला गेला आणि माझ्या जागी नवा दरवाजा बसला. बांधावर येणारी माणसे कधी कधी वाद घालतात, दुष्काळ अधिक वाईट की पूर. मी दोन्ही पाहिले आहेत. दुष्काळ माणसांना एकेक करून नेतो आणि निरोप घ्यायला सवड देतो. पूर तेवढीही देत नाही. परंतु या प्रदेशात दोघेही एकाच वाटेने येतात आणि एकाच तलावात उतरतात. माणसाला शेवटचे दुःख तेवढे आठवते. तो त्याच दिशेला तोंड करून पहारा देतो, आणि दुसरे दुःख त्याच्या पाठीमागून येते. म्हणून माझी एक विनवणी आहे. पाणी अवश्य जपा, परंतु त्याला जाण्याची वाटही जपा. तुमच्या गावात माझा कोणी भाऊबंद उभा असेल, तर बऱ्या दिवसांत त्याला थोडे हलवत जा.

भाऊजी परत गेले नाहीत. ते चौकीतच राहतात. दर महिन्याच्या आरंभी दोघे माझ्यापाशी येतात. भाऊजी निळ्या चिंधीने माझे आटे पुसतात, चाकोबा वंगण लावतो आणि चाक फिरवतो. माझ्यावरचा गंज त्यांनी कधीच घासून काढला आहे. आता एका हाताचा जोर पुरतो. मी वीतभर वर उचलला जातो, आणि माझ्या खालून वारा वाहतो.