म्हणण्यात बदल नाही

थोरल्या दिरांनी गाडी तुरुंगाच्या फाटकासमोर लावली, इंजिन बंद केलं आणि फाशीचा विषय मात्र चालूच ठेवला.

"चौकात उलटं टांगायला हवं असल्यांना. दोघांना टांगा, बाकीचे आपोआप सुतासारखे सरळ होतात."

कोणत्या चौकात, याबद्दल ते दरवर्षी मत बदलत. वाहतुकीचाही विचार करावा लागतो.

"उतरू या का?" त्यांचा धाकटा भाऊ म्हणाला.

तो चष्मे बनवायचा. काचा घासता घासता त्याचा आवाजही गुळगुळीत झाला होता. त्याची बायको मागच्या सीटवर मांडीवर पर्स धरून बसली होती. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या त्यांच्या एकुलत्या मुलीला गल्ल्यातल्या पैशांसाठी एका पोराने भोसकलं, त्याला बरीच वर्षं झाली. पोराला जन्मठेप झाली. आता त्याला दरसाल सुटकेचा अर्ज करता येई, आणि निर्णयाआधी मुलीच्या आईवडिलांचं म्हणणं ऐकून घेतलं जाई. ते एका वाक्याचं होतं. चष्मेवाला उभा राहून सांगे, "आमच्या म्हणण्यात बदल नाही." अर्ज फेटाळला जाई.

मग नवराबायको कोपऱ्यावरच्या हॉटेलात जेवत. दिरांना पथ्य असल्यामुळे ते गाडीतच डबा खाऊन डुलकी काढत. घरात मुलीचं नाव निघत नसे. कोणी आधी काढायचं, यातच वर्षं गेली होती. हॉटेलात मात्र ते सहज निघे. ती गार झालेल्या घासावरही फुंकर घालायची, हे गेल्या वर्षी निघालं आणि दोघं चक्क हसली. वेटर बिल घेऊन येईपर्यंत ती मोठी होत राही. बिल आलं की थांबे.

आज तुरुंगाच्या कचेरीत खिडकीमागच्या कारकून बाईंना सर्दी झाली होती. नाकावरचा रुमाल न काढता त्यांनी विचारलं, "तुम्हाला कोणी बोलावलं?"

"दरवर्षी याच आठवड्यात असतं," चष्मेवाला म्हणाला. "पत्र आलं नाही, पण म्हटलं, तुमची पत्रं उशिराच येतात."

"पत्र येणार कसं? या वर्षी त्याने अर्जच केला नाही."

"आजारी आहे?" बायकोने विचारलं.

"छे हो, ठणठणीत आहे. मध्यंतरी आई वारली त्याची. बाहेर आता माझं कोण आहे, म्हणतो. इथली बेकरी सांभाळतो." बाई शिंकल्या. "पाव चांगले करतो, खोटं कशाला बोलू?"

दीर पुढे सरसावले.

"म्हणजे मजेत आहे! आयतं छप्पर, आयतं जेवण, वर पाव! ही काय शिक्षा झाली? हाकला त्याला बाहेर! शोधू दे नोकरी, भरू दे भाडं, लोकांना दारं लावून घेऊ दे तोंडावर. मग कळेल!"

"दादा, तुम्ही त्याला सोडायला सांगताय," चष्मेवाला म्हणाला.

"मी शिक्षा करायला सांगतोय!"

"काका, हळू," बाई म्हणाल्या. "सोडणं आमच्या हातात असतं, तर आधी आम्हीच सुटलो असतो."

दीर गाडी वळवायला गेले. जाताना त्यांनी फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही तुम्हाला लाज वाटते का, असं विचारलं. त्याने त्यांना गाडी मागे घ्यायला मदत केली.

"म्हणजे आज बोलायचं नाही?" बायकोने विचारलं.

"बोलणार कशावर?" बाईंनी आता रुमाल बाजूला केला. "ताई, मी सांगू? सुटलात तुम्ही. इथला हेलपाटा संपला. घरी जा, निवांत राहा."

चष्मेवाल्याने मान हलवली. कोटाचं बटण लावलं, मग काढलं. दोघं व्हरांड्यात आली. समोर पाण्याचं पिंप होतं, त्याखाली बादली, बादलीत थेंब पडत होते. रडू येईल असं तिला वाटलं होतं. काहीच आलं नाही. दाढ सुन्न करून डॉक्टर बाहेर गेल्यावर खुर्चीत वाट पाहावी, तसं वाटत होतं.

"जेवायचं का?" नवऱ्याने विचारलं.

"नुसतंच?"

त्याने घड्याळाकडे पाहिलं, जणू उत्तर तिथे असेल.

"जेवू की," तो म्हणाला. "त्यात काय." पण पाय उचलला नाही.

ती मागे फिरली. खिडकीशी गेली. बाई डबीतली गोळी शोधत होत्या.

"त्याला निरोप देता येतो का हो?"

"काय द्यायचाय?"

"अर्ज कर म्हणावं."

बाईंचा हात डबीतच राहिला. "मी समजले नाही."

"या वर्षी राहिला असेल, तर पुढच्या वर्षी कर. पण कर म्हणावं."

"आणि त्याने केला, की तुम्ही येऊन हरकत घेणार."

नवरा तिच्यामागे येऊन उभा राहिला होता. प्रश्न कानावर पडताच त्याने सवयीने पाठ ताठ केली, घसा साफ केला.

तिने त्याच्या बाहीवर हात ठेवला.

"ते तेव्हा बघू," ती म्हणाली.

जिभेवर आलेलं वाक्य त्याने गिळलं.