बिनधन्याची टेकडी आणि सर बामरचं मुंडकं

आमच्या थॉर्नीकोममध्ये प्रत्येक शेताला नाव आहे आणि त्यातली निम्मी नावं शिव्यांसारखी आहेत. 'उपाशी सात', 'फुकटची मेहनत', 'सासूचं कोपर', 'पोटचिमट्या'. वाडवडिलांनी ती जमीन कसली आणि तोंडात आलं ते बोलून गेले. बाहेरच्याला मात्र वाटतं, एवढ्या विचित्र नावामागे काही गोष्ट असलीच पाहिजे. मग तो मला शोधत येतो.

मी इनॉस टकवेल, घरांची गवती छपरं शाकारणारा. दिवसभर छपरावर बसलेल्या माणसाला गावातलं सगळं दिसतं, आणि जे दिसत नाही ते रचायला वेळही मिळतो. सफरचंदाच्या दारूचा एक मग पाजला की मी एका नावाची कुळकथा सांगायचो. दोन मगांना तीच कथा, भुतासकट.

पाद्री लिडियर्ड यांनी दोन हिवाळे माझ्यासमोर वही उघडून काढले. आमच्या मुलखातल्या नावांचा इतिहास त्यांना छापायचा होता. मी त्यांना एकेचाळीस उगम सांगितले. त्यांतला एक खरा होता. तेवढा त्यांनी 'अशक्य' म्हणून खोडला.

गावाच्या वरच्या अंगाला, अगदी शिवेवर, एक टेकडी आहे. तिचं नाव 'बिनधन्याची'. तिला धनी नाही म्हणून हे नाव. गावाची गुरं तिथे चरतात, भट्टीला लागणारी काटेरी झुडपं बायका तिथून तोडून आणतात, आणि कुणाला विचारावं लागत नाही. पण पाद्रीबाबांनी तिच्याबद्दल विचारलं त्या दिवशी दारू चांगली मुरलेली होती आणि एवढ्याशा खऱ्यावर दारूचा मग संपवणं मला बरं वाटेना. मी म्हणालो, फार पूर्वी आपल्या गढीचा धनी होता सर बामर. लढाईत त्याचं मुंडकं उडालं, तरी तो घोड्यावरून या टेकडीवर परत आला. तीन दिवस मुंडक्याशिवाय त्याने आपल्या माणसांची हजेरी घेतली, दोघांना उशिरा आल्याबद्दल फटके दिले आणि चौथ्या दिवशी पडला. लोक रडत म्हणाले, आता हिला धनी उरला नाही. पाद्रीबाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुस्तकात बामरला अकरा पानं मिळाली.

त्यानंतर नऊ वर्षांनी बटणांच्या कारखानदाराने, मिस्टर क्रूडसनने, गढी विकत घेतली. त्याने ते पुस्तक वाचलं आणि साधा हिशेब मांडला: बामर गढीचा, टेकडी बामरची, म्हणजे टेकडी गढीची. त्याच वसंतात सरकारी नकाशावाले आले. त्यांच्यातल्या सार्जंट पास्ककडे नावांची वही होती. प्रत्येक नावापुढे तीन प्रतिष्ठितांच्या सह्या लागत. क्रूडसन, त्याचा कारभारी आणि पाद्रीबाबा अशा तिघांनी टेकडीपुढे 'बामर पार्क' लिहून सह्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी टेकडीवर कुंपणाचे खांब उभे राहायला लागले.

मी लोहाराच्या छपरावर होतो. खाली हेस्टर पॉक्रिज येऊन उभी राहिली. एकाहत्तर वर्षांची बाई, नवरा कधीच गेलेला, घरात एक गाय आणि तिच्या लोण्यावर चाललेली चूल.

"इनॉस, ही शिडी कुणाची?"

"माझी."

"होती." तिने शिडी काढून गवतात टाकली. "आता बस वर आणि ऐक. माझी गाय उद्यापासून काय खाणार? बामरचं मुंडकं?"

"अगं, दारू कडक होती."

"मेल्या, दारूने अकरा पानं लिहिली? तू सांगितलंस, तूच निस्तर. सार्जंटपुढे जाऊन कबूल कर की तू खोटारडा आहेस."

"हे तर सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"गावाला आहे. वहीला नाही."

संध्याकाळ होईपर्यंत तिने शिडी लावली नाही. मग मला पुढे घालून गुत्त्यात नेलं. तिथे सार्जंट जेवत होता आणि समोर पाद्रीबाबा बसले होते. मी टोपी काढून म्हणालो, "सार्जंटसाहेब, तो बामर मी रचलाय. पायांपासून मुंडक्यापर्यंत."

पाद्रीबाबा मायेने हसले. "इनॉस, विनय पुरे. परंपरा सांगणाऱ्याला तिचं मोल कळत नाही. आणि बामरचं शिरस्त्राण माझ्याकडे आहे ना."

"ते माझ्या आईचं पुडिंग उकडायचं भांडं. मीच तुम्हाला दिलं."

"त्याला भाल्याचं भोक आहे."

"आईने ते बाबांवर फेकलं होतं. मध्ये खुंटी आली."

सार्जंटने काटा खाली ठेवला. भला माणूस होता, पण कागदाचा. "आजोबा, तुम्ही म्हणता तुम्ही खोटं बोलता. मग आत्ता काय बोलताय ते मी कसं ओळखू? तीन सह्या झाल्यात. मंगळवारी वही वरच्या कचेरीत जाईल. तिकडून नकाशा छापून आला की तेच नाव."

"सोमवार आहे ना मध्ये?" हेस्टर म्हणाली. "सोमवारी आमची शीवफेरी. या तुम्ही. तुम्हाला शिवांचं वेड आहेच."

वर्षातून एकदा सगळं गाव विलोच्या झाडाच्या छड्या घेऊन शिवेवरून फिरतं. प्रत्येक शीवदगडापाशी पाद्री त्या जागेचं नाव पुकारतो. मग एका माणसाला उलटं धरून त्याचं डोकं दगडाला टेकवतात आणि त्याने ते नाव ओरडायचं. एकदा डोकं आपटलं की नाव विसरत नाही. ज्याचं डोकं ज्या दगडाला लागलं, त्यालाच त्या जागेबद्दल बोलायचा हक्क. आमच्याकडे याहून मोठी शपथ नाही.

सोमवारी आम्ही टेकडीच्या दगडापाशी पोचलो. क्रूडसन आणि कारभारी नव्या खांबांना टेकून उभे होते. चर्चच्या गळक्या छपरासाठी शिशाचे पत्रे द्यायचं क्रूडसनने कबूल केलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पाद्रीबाबांनी प्रार्थनेचं पुस्तक उघडलं आणि थांबले.

"पुकारा ना, पाद्रीबाबा," हेस्टर म्हणाली. "एकवीस वर्षं तुम्हीच पुकारताय. कुठलं नाव ते?"

ते क्रूडसनकडे बघत राहिले.

"बरं. मग मला उलटं धरा."

सहा जणांनी तिच्या घागऱ्याला घोट्यापाशी दोरी बांधली आणि तिला उलटी उचलली. तिचं पांढरं डोकं शेवाळलेल्या दगडाला टेकलं. "बिनधन्याची!" पलीकडच्या गावातली कुत्री भुंकायला लागली. मग लोहार उलटा झाला, मग त्याची आई, मग कोणी बोलावलं नसताना बाकीचे रांगेत उभे राहिले.

"हा तमाशा आहे," क्रूडसन म्हणाला. "सार्जंट, यातला एक तरी माणूस प्रतिष्ठित आहे का?"

पाद्रीबाबांनी पुस्तक मिटलं, चष्मा माझ्या हातात दिला आणि सहा जणांकडे वळून म्हणाले, "जरा हळू. पाठ दुखते माझी."

ते बाहेरगावचे. त्यांचं डोकं या दगडाला कधी लागलेलं नव्हतं. उलटे असताना त्यांनी नाव पुकारलं. आवाज बारीक होता, पण नाव खरं होतं. सरळ झाल्यावर त्यांनी सार्जंटकडून वही घेतली, बामरसमोरची आपली सही खोडली आणि खाली नवी ओळ लिहून सही केली. मग मला हलकेच म्हणाले, "मला तो आवडायचा रे, इनॉस."

"मलाही, पाद्रीबाबा."

दुसरी सही हेस्टरची, फुलीची. सार्जंटने भुवई वर केली. पाद्रीबाबा म्हणाले, "ती प्रतिष्ठित आहे. मी लिहून देतो." तिसऱ्या सहीसाठी कोणीतरी माझं नाव घेतलं.

"आधी आपटा त्याला," हेस्टर म्हणाली. "एकदा नावासाठी, अकरा वेळा पानांसाठी."

मोजणी चोख झाली. चक्कर थांबल्यावर मी सही केली, आणि सार्जंटने शाई वाळू दिली.

क्रूडसनने छडी खांबावर मारली. "मी लंडनहून वकील आणीन."

"आणा की," केसांतलं शेवाळ झटकत हेस्टर म्हणाली. "त्यालाही उलटा धरू. इथे बोलायचं तर आधी डोकं टेकायचं." आणि ती गाय आणायला खाली निघाली.