न ऐकताच केलेला समेट

लातूरला जिल्ह्याचा मान मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. नव्या कचेऱ्या आल्या, नवे साहेब आले. पाऊस मात्र त्या साली आला नाही. गावोगावी पाण्यावरून भांडणं लागली. ती कोर्टात जाऊन कुजू नयेत म्हणून शहरातल्या काही मंडळींनी समेट मंडळ काढलं. रविवारी खेड्यात जायचं, पदरमोड करून तंटे मिटवायचे. कापड दुकानदार अमृतराव त्यात सर्वांत पुढे. "अमृतराव गेले की तंटा अर्ध्या तासात खलास!" असं लोक म्हणत, आणि ते ऐकायला त्यांना फार आवडे.

असेच ते औशाकडच्या एका गावी गेले. व्यंकट नावाच्या शेतकऱ्याची विहीर तहसीलने गावाला पाण्यासाठी खुली केली होती. केवळाबाई या विधवा मजुरणीने विहिरीवर चारचौघांत आपल्याला शिव्या दिल्या, अशी व्यंकटची तक्रार होती. तो अमृतरावांचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्याच घरी जेवून ते पारावर बसले.

"साहेब, ह्यो मानूस आमाला..." केवळाबाई बोलू लागली.

अमृतरावांनी हात वर केला. "मागचं उकरायचं नाही, बाई. व्यंकटराव वयाने मोठे आहेत. एकदा चुकलं म्हणा, विषय संपला."

तिने जमलेल्या बायांकडे पाहिलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"चुकलं," ती म्हणाली. टाळ्या वाजल्या. अमृतराव खुशीत परतले.

तीन आठवड्यांनी त्या गावची म्हातारी सुईण रत्नम्मा दुकानात आली. अमृतरावांना वाटलं, लुगडं घ्यायला आली असेल.

"कापड नगं. केवळाचा पाय मोडला, ते सांगाया आले. ती दोन कोसांवरून नदीतल्या झऱ्याचं पानी आनायची. दरडीवरून पडली."

"पण विहीर तर खुली आहे!"

"हाव, खुली हाय. पर घागर भरायची तर आधी व्यंकटच्या रानात घटकाभर फुकट राबायचं. केवळा न्हाई म्हनली, म्हनून त्यानं तिची घागर फेकली. मग तिनं शिव्या दिल्या. तुमी तिलाच माफी मागाया लावली. आता समद्या बाया गुमान राबत्यात. व्यंकट म्हनतो, लातूरच्या मोठ्या मान्साचा फैसला हाय!"

अमृतरावांच्या हातातली कात्री थांबली. "मला कुणी सांगितलं नाही, रत्नम्मा."

"ती सांगत व्हती की! तुमीच हात वर केला." म्हातारी शांतपणे म्हणाली, "मी चाळीस वर्सं बाळंतपनं करते. कळा बाईला येतात, मला न्हाई. म्हनून आधी तिलाच इचारते. तुमाला घाई लई, साहेब. तुमी तंटा मिटवला न्हाई, तोंड मिटवलं!"

केवढी ही शरम! व्यंकटच्या घरचं ते जेवण अमृतरावांना आठवलं, त्या खाली गेलेल्या माना आठवल्या. त्यांनी दुकान बंद केलं आणि रत्नम्माबरोबरच एस.टी. धरली.

केवळाबाई पायाला फळ्या बांधून पडली होती. अमृतराव उंबऱ्याशी जमिनीवर बसले. "माझं चुकलं, बाई. त्या दिवशी तुम्हाला बोलू दिलं नाही. आज सांगा."

"आता कशापायी?" तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. ते बसूनच राहिले, तेव्हा तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. अमृतराव मधे एक शब्द बोलले नाहीत.

संध्याकाळी विहिरीवर अमृतराव सगळ्यांसमोर उभे राहिले. "मी एका बाजूचं जेवलो आणि दुसरी बाजू ऐकलीच नाही. माझा फैसला खोटा होता. मी तो परत घेतो."

"मग काय, माझी इज्जत घेता का?" व्यंकट उसळला.

"तुमचंही पूर्ण ऐकतो. पण आधी या बाया बोलतील."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी सिंधु नावाची पोटुशी बाई पुढे झाली. "मी रोज राबते, व्यंकटभाऊ. कंबर धरते. पानी तुमचं एकल्याचं न्हाई, सरकारनं गावाला दिलंय ते." मग दुसरी बोलली, तिसरी बोलली. व्यंकटची स्वतःची आई म्हणाली, "खरं हाय, बाळा. मला दिसत व्हतं. मीबी गप ऱ्हायले." तेव्हा मात्र व्यंकटची मान खाली गेली. वेठ बंद झाली. केवळाची घागर भरून तिच्या घरी पोचवायचं त्याने कबूल केलं.

निघताना अमृतरावांनी केवळाबाईपुढे हात जोडले.

"माफीनं पाय जुळत न्हाई, साहेब," ती म्हणाली. "फुडल्या गावात बाईला आधी बोलू द्या, मंजी झालं."

मंडळींनो, भांडण थांबलं म्हणजे न्याय झाला असं नाही. मधे पडणं हे पुण्याचं काम खरं. पण दुबळ्याचं म्हणणं न ऐकता घडवलेली शांतता ही जुलमालाच लावलेला हातभार असते. समेट करायला बसाल, तेव्हा आधी कान द्या!