भटू पाटलाच्या मरणाचा गूळ

कोरीटच्या बाजूला तापीकाठी एक गाव होतं. त्या गावात छबूबाईचा नवस लहानथोर सगळ्यांना पाठ होता. ओट्यावर कापूस निवडताना, जात्यावर, लग्नाच्या पंगतीत, कुठंही ती खणखणीत आवाजात म्हणायची, "भटू पाटील मरी ना, त्या दिवसे मी गावभर गूळ वाटसू!" ऐकणाऱ्या बाया आधी इकडंतिकडं बघायच्या आणि मग पदराआड हसायच्या.

भटू गावचा पोलीस पाटील. नदीकडं जाणारी वाट त्याच्या दोन शेतांमधून जायची. वाट वाडवडिलांपासूनची, साऱ्या गावाची. पण एका उन्हाळ्यात भटूनं तिच्या तोंडाशी सागवानी फाटक बसवलं, दोन्ही अंगांना बाभळीचं कुंपण घातलं आणि मोठं कुलूप ठोकलं. वेठीला न आलेल्यांना अद्दल घडवायची होती. बोलायला गेलेल्या, छबूबाईच्या गल्लीतल्या दोधूचा उजवा हात त्यानं काठीनं असा मोडला, की तो पुन्हा सरळ झालाच नाही. नंदुरबारच्या कचेरीत अर्ज गेला, तो तिथंच मुरला. बाया नाल्यातून, खडकाळ उतारावरून नदीचं पाणी आणू लागल्या. त्या उतारावर छबूबाईची सून रेवा भरल्या घागरीसकट घसरली. पोटातलं पोर गेलं. रेवा वाचली, पण तेव्हापासून ती नदीवर गेली नाही. त्या दिवशी छबूबाईनं गुळाची भेली आणून शिंक्यात टांगली.

आणि दिवाळीतल्या नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी, उन्हं चढली असताना, दोधू धावत अंगणात आला.

"काकू, मरना तो! घोडीनी पाडं त्याले, जागेवर मान मोडनी! काढ तुन्हा गूळ!"

छबूबाईच्या हातातलं सूप निसटलं. आधी तिला हसू फुटलं, मग डोळ्यांना धार लागली, आणि पुन्हा हसू. इतकी मोकळी ती कितीतरी दिवसांत हसली नव्हती. तिनं शिंक्यातली भेली उतरवली. तोवर पोरांनी ढोल काढले होते. गल्लीगल्लीतून माणसं येऊन मिळत गेली आणि मिरवणूक थेट भटूच्या दारात जाऊन उभी राहिली. दोधू डाव्या हातानं ढोल असा बडवत होता, की भिंती हादराव्यात.

अंगणात तिरडी बांधून तयार होती. पण उचलायला माणसं कुठं होती? भाऊबंदांनी दारं लावून घेतलेली. भटूचा तरणाताठा मुलगा हिंमतराव आणि दोन सालदार, एवढेच उभे होते. हिंमतराव मिरवणूक बघून भिंतीशी सरकला. आपल्यावर आता दगड पडणार, असंच त्याला वाटत असावं.

पायरीवर भटूची म्हातारी आई, नर्मदाबाई, बसली होती. ती उठली तसा ढोल आपोआप थांबला.

"काब्र थांबनात?" ती म्हणाली. "वाजाडा. मन्हा आंडोर व्हता, मी रडसू. तुम्हले त्यानी रडाडं, तुम्ही वाजाडा."

कुणाचाही हात हलला नाही. म्हातारीनं सावकाश कमरेची चावी सोडली. पुराणिकबुवा दर दिवाळीत नरकासुराची कथा सांगायचे, ती साऱ्या गावानं ऐकलेली होती. नरकासुराची आई म्हणजे खुद्द धरतीमाता. लेक मेला तेव्हा तिनं देवाला शिव्याशाप दिले नाहीत. लेकानं लुटून आणलेली कुंडलं तिनं परत केली आणि भेदरलेल्या नातवाला देवाच्या पायांवर घालून म्हणाली, याला सांभाळ.

"छबू, ही ले चावी," नर्मदाबाई म्हणाली. "तुन्ही सुननं जे गयं, ते मी कोठून आनू? वाट शे, ती ले. आनि मन्हा नातूले काही करू नका. त्यानी कोनं काही बिघाडं नही."

छबूबाईच्या काखेत गूळ होता आणि तळहातावर चावी. ज्या क्षणाची इतकी वाट पाहिली, तो समोर उभा होता, आणि गुळाचं फडकं सोडायला मात्र बोटं वळेनात. आनंद ओसरला नव्हता. पण या दारात, या म्हातारीच्या डोळ्यांदेखत गूळ वाटायचा नव्हता. तिनं फडक्याची गाठ आणखी आवळली.

"दोधू, ढोल ठेव," ती म्हणाली. "खांदा दे."

"मी? हाऊ हात त्यानीच मोडा ना!"

"मंग दुसरा खांदा दे. देवनी तुले दोन दिधात."

दोधूनं तिच्याकडं रागानं पाहिलं, खाली थुंकला आणि डाव्या खांद्यावर तिरडी घेतली. मग आणखी एकजण पुढं झाला, मग दुसरा. नदीकाठच्या मसणात बाया जात नाहीत, पण छबूबाई सगळ्यांच्या पुढं चालत फाटकापर्यंत गेली. गंजलेलं कुलूप कुरकुरलं आणि उघडलं. ज्यानं वाट अडवली होती, तोच तिच्यावरून सर्वांआधी गेला.

चिता विझायला लागली तसे पुरुष परतले आणि कुणीही न सांगता कुंपणाला भिडले. कुऱ्हाडी आल्या, दोर आले. बाभळीचे काटे हातात घुसत होते, तरी माणसं गात होती. दिवेलागणीला फाटकाचे खांबही उपटून निघाले. छबूबाईनं पिठलंभाकरी करून नर्मदाबाईच्या घरी पोचवली. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही.

पहाटे अंगाला तेल-उटणं लावून साऱ्या गावच्या बाया निघाल्या. वाटेच्या दोन्ही कडांना पणत्या होत्या, पुढं ढोल. आता दोधूला कुणी अडवणार नव्हतं. काठावर छबूबाईनं भेली फोडली आणि हातोहात खडे दिले.

"कसाना गूळ व, छबू?" शेजारच्या कौसाबाईनं विचारलं.

"वाट उघडनी, त्याना."

"निस्ता वाटना?"

छबूबाईनं पाण्याकडं पाहिलं. "थोडा त्याना मरनना बी. नदीमायपुढे खोटं काब्र बोलू?"

कौसाबाईनं खडा तोंडात टाकला.

रेवा काठावरच थबकली होती. सासूनं तिला ना ओढलं, ना बोलावलं. पलीकडच्या तीरावर तांबडं फुटत होतं. रेवानं लुगडं खोचलं, घोटाभर पाण्यात गेली, मग गुडघाभर, आणि एकाएकी नाक दाबून तिनं बुडी मारली. वर आली ती केस झटकत, गार पाण्यानं किंचाळत. तिची किंचाळी ऐकून साऱ्या बायांनी तापीत एकदमच उड्या घेतल्या.