चार बोटं हवा

मी पाण्याचा कॅन आहे. लोखंडी. प्लास्टिकचा नाही, हे आधी नीट ऐकून घ्या.

बाहेरून मातकट रंग, आतून पांढरा मुलामा. मला फौजेसाठी घडवलं. पण लढाई संपली आणि मी गोदामातच राहिलो. तिथून मला ऑर्लो नावाच्या मेंढपाळाने उचललं. अमेरिकेतल्या युटाच्या लाल खडकांत त्याने आयुष्य काढलं, आणि मी त्याच्याबरोबर.

ऑर्लो मला कधी काठोकाठ भरत नसे. तोंडाखाली चार बोटं हवा ठेवायचा. मुलगा वेंडल कारण विचारायचा, तेव्हा म्हणायचा, "वाजायला जागा लागते त्याला." खरं होतं. दिवसभर उन्हात तापलो की माझी कूस फुगते. ऊन उतरलं की ती एकदम आत बसते. टण्ण! मैदानावर लांबपर्यंत ऐकू जातं.

एकदा त्याला खडकाआड एक माणूस पडलेला सापडला. वाळून गेलेला. त्या माणसाने स्वतःच पुरून ठेवलेलं पाणी हाकेच्या अंतरावर होतं. ऑर्लो टोपी काढून उभा राहिला. त्या दिवशी माझ्या पोटात भीती शिरली, ती अजून आहे.

ऑर्लो गेल्यावर मी वेंडलकडे आलो. दर शरद ऋतूत तो आणि त्याची बायको नोरीन पिकअपमध्ये तंबू, स्टोव्ह आणि घेवड्याचे डबे टाकून कॅनियनमध्ये, म्हणजे खडकातल्या खोल घळीत, फिरायला निघायचे. संध्याकाळी स्टोव्हवर कॉफी चढायची आणि मी वाजायचो. नोरीन दचकायची आणि वेंडलला म्हणायची,

"बघ, तुझा बाप बोलला!"

"काय म्हणाला?"

"म्हणाला, सुनेला एक हलका प्लास्टिकचा कॅन घेऊन दे, मेल्या."

नोरीन चांगली बाई. पण तिला एका गोष्टीची चीड होती. हौशी लोक फोटोसाठी दगडावर दगड चढवून जातात. मागून येणारा ती रास वाटेची खूण समजतो आणि कड्यावर जाऊन अडकतो. म्हणून अशी रास दिसली की नोरीन लाथेने पाडायची आणि दगड इकडेतिकडे भिरकावायची.

त्या वर्षी त्यांनी लांबचा बेत केला. गाडी एका टोकाला ठेवून कॅनियनमध्ये उतरायचं, दुसऱ्या टोकाने वर चढायचं आणि उघड्या खडकावरून चालत गाडीकडे परतायचं. वरच्या खडकावर पाण्याचा थेंब नाही. अशा वेळी तिथली माणसं वाटेत आधीच पाणी पुरून ठेवतात. ते पाणी म्हणजे मी.

सकाळी नोरीन तंबू आवरत होती. म्हणाली, "मी पण येते. जागा बघून ठेवते."

"कशाला? मोठ्या जुनिपरच्या झाडाशी दगड रचून येतो. दगड वाचता येतात ना तुला?"

त्याने मला एका कपारीत ठेवलं. गळ्यापर्यंत वाळू लोटली, वर फांद्या टाकल्या आणि कपारीच्या माथ्यावर चपटे दगड रचले. गाडीचा आवाज दूर गेला. मग काहीच नाही.

काही दिवसांनी पावलं वाजली. नोरीन पुढे होती. घसा कोरडा पडल्यासारखा आवाज होता तिचा. मला नंतर कळलं, कॅनियनमधल्या ज्या डबक्यावर त्यांची भिस्त होती, त्यात हरीण मरून पडलं होतं. बाटल्या आदल्या दिवशीच रिकाम्या झाल्या होत्या. वेंडल गुडघा धरत बराच मागे राहिला होता. पाणी पुरलेली जागा अजून पुढे आहे असं नोरीनला वाटत होतं.

"आला आणखी एक हौशी!" ती माझ्या डोक्यावर पुटपुटली.

लाथ बसली. दगड खाली आले. एकाने माझ्यावरच्या फांद्या उडवल्या, वाळू सरकली, माझा एक खांदा उन्हात उघडा पडला. तिने खाली पाहिलं नाही. पुढे निघून गेली.

मग वेंडल आला. घुटमळला. हाक मारली. "नोरीन! माझे दगड दिसले का गं?"

"कुठले दगड?"

"मोठ्या झाडापाशी! चपटे!"

ती परत आली. "वेंडल, सकाळपासून दिसेल ती रास पाडत आलेय मी."

"दगड वाचता येतात ना म्हणून विचारलं होतं."

"वाचले की. वाचून पाडले. आणि मोठं झाड, मोठं झाड काय? इथे सगळीच झाडं मोठी आहेत!"

दोघं शोधू लागले. पावलं जवळ येत, लांब जात. एकदा वेंडल नेमका माझ्या माथ्यावर उभा राहिला, पण कपारीतला माझा मातकट खांदा त्याला वाळूत वेगळा दिसला नाही. मी पाण्याने भरलेला, आणि मला हाक मारता येत नव्हती. मला ऑर्लोची काढलेली टोपी आठवली.

शेवटी वेंडल खाली बसला. "तू जा. गाडीपर्यंत पोचशील."

"गप्प बस. जीभ जड झालीय तुझी."

"किल्ली घे."

"ठेव तुझ्याकडेच. मला गाडी नकोय, तू हवायस, गाढवा."

नंतर तो वाळूत कलंडला. ती त्याला हलवत राहिली.

सावली सरकत माझ्यापर्यंत आली. एक खांदा तापलेला, बाकी अंग गार वाळूत. तेवढ्यावर कूस बसेल का? मी वाट पाहिली. काही झालं नाही. वर नोरीन त्याचं नाव घेत होती, दर वेळी जरा हळू.

टण्ण!

"वेंडल! तुझा बाप बोलला!"

ती रांगत आली. नखांनी वाळू उपसली. झाकण उघडेना, तेव्हा दगडाने ठोकलं. पहिला घोट तिने घेतला नाही. त्याच्या ओठांवर धरला. तो ठसकला, तेव्हा मला कळलं की माणूस आहे अजून.

त्यानंतर माझी टिंगल कोणी केली नाही. पण ठोकताना तोंडाची शिवण सुटली होती. पुढे ती गंजली. आता आत हवा कोंडून राहत नाही. मी वाजत नाही. घरामागच्या पायरीवर मला ठेवलंय.

यंदा त्यांनी निळे प्लास्टिकचे कॅन घेतले. नोरीनने ते नळावर भरले आणि प्रत्येकातून चार बोटं पाणी ओतून दिलं. प्लास्टिक वाजत नाही, हे तिला ठाऊक आहे. तरी ओतलं. जाताना तिने माझ्या कुशीवर हात ठेवला आणि वेंडलला बजावलं, "पुरायला मी बरोबर येणार." तो मुकाट्याने हो म्हणाला.

परतायचा दिवस उलटून गेला आहे. रोज ऊन उतरतं आणि मी गाडीचा आवाज येतो का ते ऐकत राहतो.

तुमच्यापैकी कोणी त्या खडकांकडे गेलात आणि दगडावर दगड दिसला, तर पाडू नका. आधी खाली हात घालून बघा.