काटेवाल्यांचं मशीन

"अहो, टक लावून बघितलं म्हणून फोन लवकर वाजत नाही," पायरीवर बसलेली बायको म्हणाली.

काटेवाले गवत कापायच्या मशीनशेजारी बसले होते, पण बसल्यासारखे वाटत नव्हते. एक गुडघा जमिनीवर होता आणि दुसरा उठायच्या तयारीत.

"मी कुठं फोनकडे बघतोय? पाना शोधतोय."

"पाना तुमच्या हातात आहे."

काटेवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. कारखान्याच्या फाटकाशी, वजनकाट्यावर त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी, शिक्का. मोठमोठे ट्रक त्यांनी हात वर केला की निमूट थांबायचे, पण स्वतः काटेवाल्यांचं बूड कधी खुर्चीला टेकलं नाही. पायाला भिंगरी लावलेला माणूस. निवृत्तीनंतर ती भिंगरी घरात फिरायला लागली, तेव्हा बायकोने शिवणयंत्रावरून मान वर न करता सांगितलं होतं, "अंगणात जा, नाहीतर मला तरी कुठं जाऊ द्या."

अंगणातलं गवत पहिल्यांदा त्यांनीच कापलं होतं. कापलं म्हणजे काय, मशीन घेऊन पळाले होते. एक पट्टी इकडे, एक तिकडे, मध्ये गवताचे तुरे तसेच उभे. बायको दारात येऊन बघत राहिली आणि म्हणाली, "कापड असतं तर गिऱ्हाइकानं पोलिसात दिलं असतं." त्या दिवशी वाटणी झाली. मशीन राखायचं त्यांनी आणि चालवायचं तिने. ती कापड बेतावं तसं गवत कापायची, ओळीला ओळ लावून. गल्लीतले लोक काटेवाल्यांची थट्टा करायचे, की बायको राबते आणि हा तेलाचा डबा घेऊन मागे फिरतो. काटेवाल्यांना त्याचं काही वाटत नसे. उलट तिच्या हातात मशीन पहिल्या झटक्याला सुरू झालं की त्यांची छाती फुगायची.

आज गवत घोट्याच्या वर गेलं होतं. बायकोच्या काखेतली गाठ काढली होती, टाके अजून ताजे होते आणि तिचा हात खांद्यापर्यंतही जात नव्हता. गाठ तपासायला दिली होती. लेक कामावरून परस्पर दवाखान्यात जाऊन रिपोर्ट बघणार होती आणि मग फोन करणार होती. घरात दुसरा विषयच नव्हता, म्हणून त्या विषयावर कोणी बोलत नव्हतं. सकाळपासून काटेवाल्यांनी मोरीतल्या नळाचा चांगला असलेला वायसर बदलला होता, आणि आता तो नळ गळत होता. मग त्यांनी मशीन बाहेर काढलं.

मशीनच्या बाबतीत मात्र ते पक्के होते. आधी प्लगची टोपी ओढून बाजूला करायची, म्हणजे पात्याला हात लावताना इंजिन चुकूनही फिरणार नाही. टाकीतलं पेट्रोल डब्यात काढायचं. मग मशीन कलतं करायचं, फिल्टरची बाजू वर ठेवून, आणि पातं सोडवायचं. पात्याच्या पोटाला वाळलेलं गवत चिकटून बसलेलं असे. ते खरवडून झालं की कानस. कानशीचे हात एका दिशेने मारायचे, मागेपुढे नाही. हे सगळं त्यांनी आज केलं, फक्त नेहमीच्या दुप्पट वेगाने.

धार झाल्यावर त्यांनी पातं मधल्या भोकातून भिंतीतल्या खिळ्यावर अडकवलं. पात्याची दोन्ही टोकं सारख्या वजनाची नसली तर मशीन थरथरतं, म्हणून हा तोल बघायचा. उजवं टोक किंचित खाली गेलं. त्यांनी तिकडून थोडं घासलं, पुन्हा अडकवलं. पातं हललं, डोललं आणि हळूहळू आडवं थांबलं. ते थांबेपर्यंत काटेवालेही थांबले. सकाळपासून एवढाच वेळ ते एका जागी उभे राहिले होते.

"देवासमोर उभं राहावं तसे उभे आहात," बायको म्हणाली.

"थरथरलं तर तुझ्या हाताला त्रास होतो."

"माझा हात तर बांधून ठेवलाय."

पातं घेऊन ते परत मशीनपाशी गेले. बोल्ट आवळत असताना फोन वाजला आणि त्यांनी हातातलं सगळं सोडलं. मशीन गडगडत दुसऱ्या कुशीवर पडलं.

फोन लेकीचा नव्हता. बायकोच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला ड्रेसची बाही सैल वाटत होती. "बाही सैल आहे तर हात घाला की त्यात दोन," असं म्हणून काटेवाल्यांनी फोन ठेवला.

"अहो, असं बोलतात का? मला द्यायचा होता."

"लाइन अडकून राहते."

कुंपणापलीकडून कोणीतरी खाकरलं. शेजारचा, गाड्या शिकवणारा मास्तर होता. गेल्या वर्षी याच मास्तराने आपलं मशीन चुकीच्या कुशीवर टाकून तेल फिल्टरमध्ये घालवलं होतं, आणि काटेवाल्यांनी कुंपणाशी उभं राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं व्याख्यान दिलं होतं.

"काटेवाले," मास्तर जपून म्हणाला, "तुमचा फिल्टर खाली गेलाय."

"दिसतंय मला."

"तेल शिरलं असेल आत."

"मास्तर, तुम्ही तुमच्या क्लचकडे बघा."

मास्तर घरात गेला, एक जुनं कोरडं फडकं घेऊन आला, कुंपणावर ठेवलं आणि पुन्हा आत निघून गेला. त्यालाही आजच्या फोनचं माहीत होतं. सगळ्या गल्लीला माहीत होतं. काटेवाल्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. जी चूक आपण झोपेतही करणार नाही ती आज हातून झाली, म्हणजे आज काहीही होऊ शकतं, असं त्यांच्या मनाने घेतलं.

त्यांनी फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुतला, मास्तरच्या फडक्यात दाबून कोरडा केला. जुनं तेल काढलं, नवं ओतलं, पट्टीवरच्या खुणेपर्यंत. पात्याचा अर्धवट राहिलेला बोल्ट पक्का आवळला, पेट्रोल भरलं, प्लग पुसून त्याची टोपी बसवली. दोरी ओढली. नाही. पुन्हा ओढली. तिसऱ्या झटक्याला मशीन खोकलं आणि पांढऱ्या धुराचा एवढा मोठा लोट बाहेर आला की पायरीवरची बायको दिसेनाशी झाली.

"आत गेलेलं तेल जळतंय," ते ओरडून म्हणाले. "होईल आता बरोबर."

ती धुरात हसत होती. हसताना काखेला हात धरून बसली होती. धूर विरळ झाला, इंजिनाचा आवाज एकसारखा झाला, आणि काटेवाल्यांना क्षणभर वाटलं की सगळंच असं ठीक होऊन जाईल. त्यांनी मशीन बंद केलं. तेव्हा बायकोने फोन उचलून त्यांच्यापुढे धरला. लेकीचा फोन वाजून गेला होता, मशीनच्या आवाजात.

त्यांना नंबर लावता येईना, बोटं तेलाने बरबटली होती. तिने लावला आणि स्वतःच्याच कानाशी धरला.

"हं, बोल. नाही गं, मशीन चालू होतं... बरं... बरं." मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. "रडू नकोस. तू जेवलीस का? आधी जेव."

काटेवाल्यांचे पाय अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आले होते.

"काय म्हणाली?"

"उद्या दोघांनी या म्हणालेत डॉक्टर. फोनवर नाही सांगत."

"मग तिला कुठं काय माहीत? उगाच रडतेय."

"चांगलं असतं तर सांगितलं असतं हो फोनवर."

"तसं काही नसतं. त्यांची पद्धत असते."

"असेल," ती म्हणाली. तिला त्यांच्याशी वाद घालायचा नव्हता. तिने गवताकडे पाहिलं. "आज कापून टाका. उद्यापासून कोणाला वेळ मिळतोय."

"मी?"

"मी सांगते ना इथून. पळायचं नाही फक्त."

काटेवाल्यांनी मशीन गवताच्या कडेला नेलं आणि दोरी ओढली. पहिल्या झटक्याला सुरू झालं. ते दांड्याला धरून उभे राहिले, तर दांडा त्यांच्या मांडीशी आला. बायको त्यांच्या खांद्याला जेमतेम लागायची आणि इतकी वर्षं दांडा तिच्या मापाचा होता.

"दांडा वर घ्या," ती पायरीवरून ओरडली. "बाजूचे खटके सोडा, वर सरकवा आणि आवळा. कंबर जाईल नाहीतर."

"राहू दे," काटेवाले म्हणाले. "तुझ्यासाठी परत खाली करत बसावं लागेल."

काटेवाले कमरेत वाकले, दांडा घट्ट धरला आणि एक-एक पाऊल टाकत पहिली पट्टी कुंपणापर्यंत नेली.