तेहतीस वर्षांची रेघ

माझी लांबी तेरा फूट आहे, मित्रांनो, आणि माझ्या अंगावर तेहतीस वर्षे आखलेली आहेत. शेअर बाजाराचा जुना आलेख म्हणतात तो मी. बाजार चढला की माझी रेघ वर जाते, पडला की खाली येते.

मला घडवले एका आरेखकाने. ते मोजणी कार्यालयात जमिनीचे नकाशे काढत. आलेखाचे कागद विकत आणून त्यांनी एकापुढे एक चिकटवले आणि पाठीला पातळ कापड लावले. बाजारातल्या मोठ्या कंपन्यांच्या भावांचा मिळून एक आकडा निघतो, त्याला निर्देशांक म्हणतात. महिनाअखेरीस तो वर्तमानपत्रात पाहून ते एक चौकोन पुढे सरकत आणि ठिपका देत. पेन्सिलीचे टोक इतके बारीक असे की मला गुदगुल्या होत.

स्वयंपाकघराच्या दारापासून न्हाणीघराकडे मी भिंतीवर लांबत गेलो. "भिंतीला ताप आलाय वाटतं," असे त्यांची बायको म्हणायची. येणारेजाणारे मात्र माझ्यासमोर थबकत आणि तोंडभर कौतुक करत.

नवव्या वर्षी बाजार कोसळला. पाच महिन्यांत माझी रेघ निम्म्यावर आली. रोज कोणीतरी येऊन "अजून पडणार" म्हणायचे. शेवटी आरेखकांचा धीर सुटला. त्यांनी होते नव्हते ते सगळे शेअर विकले आणि पुढचे सात महिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

मग एके दिवशी ते जुनी वर्तमानपत्रे घेऊन बसले. कोरे राहिलेले सात चौकोन त्यांनी तांबड्या पेन्सिलीने भरले. ती तांबडी रेघ जवळजवळ सरळ वर गेली होती! इतक्या वेगाने मी आधी कधीच चढलो नव्हतो. तिच्याखाली त्यांनी बारीक अक्षरांत लिहिले, 'मी इथे नव्हतो.' त्यानंतर दर महिन्याला ते थोडे थोडे शेअर घेत राहिले. पुन्हा घाबरून विकले नाहीत.

मी सव्वीस वर्षांचा असताना ते वारले. भिंतीला नवा रंग लागला आणि माझे भेंडोळे कपाटावर, मोडक्या छत्र्यांशेजारी गेले. फोनवर बोट टेकवले की आलेख दिसतो. मग माझी पत्रास कोण ठेवणार? चार वर्षे मी नुसती धूळ खाल्ली.

आरेखकांची मुलगी रुग्णांवर व्यायामोपचार करायची. वडिलांची आणि स्वतःची सगळी बचत तिने बाजारातच ठेवली होती. आईच्या गुडघ्याचे ऑपरेशनही त्यातूनच व्हायचे होते. तेवढ्यात बाजार पुन्हा कोसळला.

"आई, उद्या सगळं काढून टाकते," एका रविवारी ती म्हणाली. तिचा चेहरा पार उतरला होता.

"काढ हवं तर. पण आधी ते वरचं भेंडोळं खाली घे."

त्यांनी मला जमिनीवर उलगडले. एका टोकाला इस्त्री ठेवली, दुसऱ्या टोकाला शब्दकोश. मुलगी रांगत रांगत माझ्यावरून बोट फिरवू लागली आणि तांबड्या रेघेपाशी थांबली.

"'मी इथे नव्हतो' म्हणजे? बाबा कुठे गेले होते?"

"कुठे जातायत! इथेच होते, पंख्याकडे बघत पडलेले. घाबरून सगळं विकून बसले होते. तू तेव्हा नऊ वर्षांची. पोरीला सांगू नकोस म्हणाले."

मुलगी पुन्हा माझ्या पहिल्या चौकोनापाशी गेली. मग तिने माझे मोठे उतार मोजले. चार निघाले. प्रत्येक वेळी रेघ जुन्या उंचीच्या वर गेली होती. पण एकदा चौदा महिन्यांत, तर एकदा तब्बल सहा वर्षांनी.

"सहा वर्षं! आणि या वेळी वर येईलच कशावरून?"

"ते मला काय विचारतेस? माझा गुडघा सहा वर्षं थांबणार नाही, एवढं मात्र नक्की."

मुलगी खळखळून हसली. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी तिने ऑपरेशनपुरते पैसे तोटा सोसून काढले. लवकर लागणारा पैसा बाजारात ठेवायलाच नको होता, हे तिने कबूल केले. उरलेल्याला हात लावला नाही. मला पुन्हा भिंतीवर टांगून राहिलेले चौकोन तिने भरून काढले.

बाजार आणखी चार महिने पडत राहिला. पण आई तोवर काठीशिवाय जिना उतरू लागली होती. तिसऱ्या वर्षी माझी रेघ जुन्या उंचीच्या वर गेली. त्या सकाळी मुलगी पेन्सिल खाली ठेवून तिथेच भिंतीला टेकून बसली. "हुश्श!" एवढेच म्हणाली. मलाही किती हलके वाटले म्हणून सांगू!

मित्रांनो, उद्या काय होईल ते मला ठाऊक नाही. मी फक्त झालेले सांगतो. पण कोणी माझा शेवटचा एकच चौकोन दाखवून तुम्हाला घाबरवू लागला किंवा भुलवू लागला, तर त्याला म्हणा, हा कागद आधी पूर्ण उलगडा. आणि घरात माझ्यासारखा एखादा म्हातारा कागद असेल, तर त्याची धूळ तेवढी झटका. आम्हाला थोडीशी भिंत पुरते.